वजन उतरलं, पण बळ?



आमच्या वैभववाडीच्या आठवडा बाजारात दोन बायका भेटल्या की बोलणं ठरलेलं असायचं. मासळीचा भाव, मुलांचा निकाल, मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन. गेल्या दीड वर्षात त्यात एका विषयाची भर पडली आहे, ती म्हणजे वजन उतरवणारं इंजेक्शन. अमकीने घेतलं आणि दहा किलो उतरली. तमकीच्या जावयाने दुबईहून आणून दिलं. कुणी विचारतं, किती पडतं? कुणी विचारतं, आमच्या मुलीचं लग्न ठरत नाही, तिला चालेल का? पायांत बळ किती राहिलं, हा प्रश्न मात्र अजून कुणाच्या तोंडून ऐकला नाही. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

लेख लिहिताना 'आम्ही' म्हणतो, त्याचं कारण सांगून टाकतो. आम्ही एका घरातल्या दोघी जावा. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरी घर आणि परसबाग सांभाळते. लेखणी एकीच्या हातात आहे, पण पाहिलेलं, मोजलेलं आणि शिजवलेलं दोघींचं आहे.

आधी औषधाविषयी थोडं. यातलं एक औषध सेमाग्लुटाइड. ते ओझेम्पिक आणि वेगोवी या नावांनी मिळतं. दुसरं टिर्झेपाटाइड, ते मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक स्राव रक्तात उतरतो. तो पोटाला सांगतो, सावकाश रिकामं हो. मेंदूला सांगतो, आता पुरे. स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन सोड. शरीरातला हा स्राव काही मिनिटांत नाहीसा होतो. औषध त्याची नक्कल करतं, पण आठवडाभर टिकतं. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यावं लागतं, आणि भूक आठवडाभर मंद राहते.

या शोधाची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा असतो. १९९२ मध्ये डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात या स्रावासारखंच एक द्रव्य सापडलं. त्यावरून तयार झालेलं पहिलं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. ही गोष्ट आमच्या सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे यात सरड्याचं काय हाय?" नाही. आजच्या औषधांत सरड्याचं काही नसतं. सेमाग्लुटाइड यीस्टच्या पेशींच्या मदतीने बनवतात आणि टिर्झेपाटाइड कारखान्यात रासायनिक रीतीने जोडतात. हे ऐकल्यावरच त्यांनी दंड पुढे केला.

सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणतो. वय ६३. साखरेचा आजार १४ वर्षांचा. गेल्या वर्षी बकरीदनंतर इंजेक्शन सुरू झालं तेव्हा वजन ८८ किलो होतं आणि उंची जेमतेम पाच फूट. गुडघे इतके दुखायचे की अंगणातून पडवीत यायचं तरी भिंतीचा आधार लागे. त्यांच्या मनात एकच इच्छा आहे, हजची. अब्बांच्या हयातीत ती राहून गेली. कुवेतला असलेला धाकटा मुलगा पैसे पाठवायला तयार होता. करूळ घाट चढून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हे औषध लिहून दिलं. तेव्हा महिन्याचा खर्च १४,००० रुपयांच्या आसपास येत होता. कुवेतच्या पैशांशिवाय आमच्या घराला तो झेपला नसता. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली. देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाल्याने आता हे औषध गावोगाव पोचणार. म्हणून तर हे लिहायची घाई.

औषधाने आपलं काम चोख केलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाच महिन्यांत अम्मी ७७ किलोंवर आल्या. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी ९.१ वरून ६.८ वर आली. गुडघेदुखी कमी झाली. घरात आनंद होता. लग्नात भेटलेल्या प्रत्येक बाईने म्हटलं, "माशाअल्लाह, केवढ्या बारीक झालात!"

पण घरात राहणाऱ्यांना काही वेगळं दिसत होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्या आता नातवाकडे द्यायच्या. एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबायच्या, मग कुणीतरी हात द्यायचं. आणि नमाज खुर्चीवर गेली. पूर्वी गुडघे दुखायचे तरी जमिनीवर हात टेकून, कण्हत का होईना, उठायच्या. आता दुखणं कमी, वजन कमी, तरी खुर्ची. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "हलकी झालंय, पण पायांत जीव नाय गो."

येणारे-जाणारे म्हणाले, वय झालं. आमच्या मनाला ते पटेना. वय पाच महिन्यांत एवढं वाढत नाही. गुडघा दुखत नसेल आणि तरीही उठता येत नसेल, तर दोष सांध्याचा नसावा, ताकदीचा असावा, असा साधा हिशेब होता. एका डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "वजन उतरतंय ना? मग छानच आहे." आणि पुढचा डोस वाढवून घ्यायला सांगितलं. डोस वाढवण्याआधी आम्ही अम्मींना कणकवलीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे घेऊन गेलो.

ताईंनी कुठलंही यंत्र वापरलं नाही. भिंतीला टेकवून एक साधी खुर्ची ठेवली. अम्मींना बसवलं, दोन्ही हात छातीवर घडी करायला सांगितले आणि म्हणाल्या, "हात न टेकता पाच वेळा उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितकं भरभर." मग घड्याळ लावलं. अम्मींना १९ सेकंद लागले. तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप खुर्चीकडे गेला. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये यासाठी निकष ठरवले आहेत. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर शरीराची कामाची ताकद कमी समजावी. मग ताईंनी शिवणकामाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजला. तो ३१ सेंटिमीटर भरला. बायकांमध्ये ३३ च्या खाली आणि पुरुषांमध्ये ३४ च्या खाली गेला तर पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. पायाला सूज असेल तर हे माप फसवं ठरतं, हेही त्यांनी सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात काट्याइतकाच मान खुर्चीला आणि टेपला मिळू लागला.

असं का होतं, ते आम्ही समजून घेतलं. माणूस कुठल्याही उपायाने बारीक होवो, कडक डाएटने, शस्त्रक्रियेने किंवा औषधाने, उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. सेमाग्लुटाइडची एक मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं. त्या चाचणीतल्या १४० जणांच्या शरीरातली चरबी आणि बाकीचा भाग डेक्सा नावाच्या यंत्राने वेगळा मोजला गेला. उतरलेल्या वजनातला साधारण ४० टक्के हिस्सा चरबी सोडून इतर गोष्टींचा निघाला. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत हाच हिस्सा साधारण एक चतुर्थांश होता. 'इतर' म्हणजे सगळेच स्नायू नव्हेत. त्यात पाणी येतं, यकृतासारखे अवयव येतात. पण स्नायू त्यात असतात, हे नक्की. अम्मींचे ११ किलो उतरले. एक चतुर्थांश धरला तर पावणेतीन किलो, ४० टक्के धरला तर जवळजवळ साडेचार किलो. घरातली अडगळ बाहेर काढायला माणूस लावावा आणि त्याने अडगळीबरोबर छपराचे दोन-चार वासेही नेऊन टाकावेत, तसा हा प्रकार.

इथे औषधाला खलनायक ठरवायचं कारण नाही. ते स्नायूंना विष देत नाही. ते भूक कमी करतं. भूक गेली की माणूस चार घासांवर थांबतो, आणि ते चार घास भाताचे असले तर स्नायूंच्या वाट्याला काहीच येत नाही. दुसरं कारण लक्षात यायला आम्हाला वेळ लागला. ८८ किलोंचं शरीर दिवसातून पन्नास वेळा उचलायचं म्हणजे पायांना रोजचा व्यायामच होता. वजन उतरलं, तसा तो भारही उतरला. ज्या स्नायूला काम नाही, त्याला शरीर पोसत नाही.

स्नायू काय फक्त पैलवानांना लागतात? जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं गोदाम म्हणजे स्नायू. साखरेच्या रुग्णाने तेच गमावलं तर उद्याची साखर कुठे साठणार? पुढे औषध बंद झालं की काय होतं, तेही मोजलं गेलं आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत, औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं दोन-तृतीयांश वजन परत आलं. असं परतणारं वजन मुख्यतः चरबीचं असतं. स्नायू काम केल्याशिवाय परतत नाहीत. म्हणजे ज्याने बळ न जपता वजन उतरवलं आणि पुन्हा वाढवलं, तो सुरुवातीच्या वजनावर परततो, पण आधीपेक्षा कमजोर होऊन.

आपल्या लोकांना याची धास्ती अधिक हवी, आणि त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचाही २२.३ होता. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! तोच काटा, तोच आकडा, पण आतला माल वेगळा. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे स्नायूंच्या खात्यात आपली शिल्लक जन्मापासूनच थोडी. त्या शिल्लकीतून पाच महिन्यांत तीन-चार किलो काढणं आपल्याला परवडत नाही.

मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघराचं हजेरीपत्रक उघडलं. शाळेतलीच सवय. आठवडाभर अम्मी खरोखर काय खातात ते वहीत लिहिलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी मूठभर भात, वर सालनाचा रस्सा. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री अर्धी तांदळाची भाकरी, भाजी. दिवसाची प्रथिनं कशीबशी ३० ग्रॅम भरली.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. या औषधाने वजन उतरवणाऱ्यांना तज्ज्ञ त्याहून जास्त सांगतात, साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. डॉक्टरांनी आधी अम्मींच्या मूत्रपिंडाची तपासणी केली. ती ठीक आली, तेव्हा दिवसाला ७५ ग्रॅमचं लक्ष्य दिलं. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांनी हा आकडा परस्पर उचलू नये. त्यांचा हिशेब वेगळा असतो.

७५ ग्रॅम ऐकून आधी वाटलं, आता पावडरचे डबे आणावे लागणार. पण कोकणातल्या घराला त्याची फारशी गरज नाही. सकाळी चहाच्या आधी दोन अंडी, १२ ग्रॅम. दुपारी बांगड्याचे किंवा सुरमईचे दोन तुकडे, शिजवलेले १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. सोबत कुळथाची पिठी. कुळथात शंभराला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, वाटीभर पिठीतून सहा-सात मिळतात. संध्याकाळी वाटीभर दही किंवा मूठभर भाजलेले चणे, पुन्हा सहा-सात. रात्री चिकनचे १०० ग्रॅम तुकडे, २५ ग्रॅम. चहातलं दूध आणि भाकरी धरली की हिशेब पुरा. पावसाळ्यात जून आणि जुलै हे दोन महिने समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा सुके बोंबील आणि जवळा कामाला येतात. त्यात प्रथिनं भरपूर असतात, पण मीठही भरपूर. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते चांगले भिजवून, पाणी टाकून आणि बेतानेच खावेत.

ताटातला क्रमही बदलला. पोट लवकर भरतं, म्हणून पहिले घास मासळीचे, मग पिठी, आणि जागा उरली तर भात.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायला हवी, थोडी कडू वाटली तरी. जुम्म्याला घरात बिर्याणी होते, मटण असतं. पण तुकडे कुणाच्या ताटात जातात? आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुलं. शेवटी बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला रस्सा आणि खरवड. अम्मी चाळीस वर्षं शेवटी जेवल्या आहेत. कुणी सक्ती केली नव्हती, रीतच तशी होती. वही लिहिताना हे आकड्यांत समोर आलं. घरात मांस शिजत होतं आणि घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला प्रथिनं मिळत नव्हती. आता अम्मींचं ताट पहिलं लागतं. पहिले काही दिवस त्यांनाच संकोच वाटला.

खाणं झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं अंगमेहनतीचं. अम्मी रोज संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालायच्या. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलंच आहे, पण ताईंनी समजावलं की त्याने उठण्या-उचलण्याचं बळ पुरेसं येत नाही. स्नायूला भार हवा, आणि तो हळूहळू वाढता हवा. त्यांनी पाच व्यायाम शिकवले. खुर्चीवरून उठ-बस. पडवीच्या पायरीवर चढ-उतार. भिंतीला हात लावून अंग पुढे झुकवणं आणि मागे ढकलणं. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून स्वतःकडे ओढणं. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. प्रत्येक व्यायामाच्या आठ-आठ आवृत्त्या. कसोटी अशी की शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. सहज होऊ लागलं की हातात पाण्याने भरलेली लिटरची बाटली घ्यायची, मग दोन.

"या वयात काय बळ येणार?" हा प्रश्न शेजारणींनी विचारला, अम्मींनीही विचारला. त्याचं उत्तर १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये मिळालेलं आहे. डॉ. मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांचे भार-व्यायाम दिले. आठ आठवड्यांत, ज्यांनी ते पुरे केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आमच्या अम्मी त्यांच्यापुढे तरुणच. औषध आणि व्यायाम एकत्र केल्यावर काय होतं, ते डेन्मार्कच्या २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यात याच कुळातलं लिराग्लुटाइड हे जुनं औषध होतं. नुसतं औषध किंवा नुसता व्यायाम यापेक्षा दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातली चरबीची टक्केवारी जवळजवळ दुप्पट उतरली.

आमच्या आजीच्या पिढीला हे काही शिकवावं लागलं नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. विहिरीचं पाणी, जातं, उखळ, भातलावणी. खरं आहे. पण त्या बायका पन्नाशीतच वाकलेल्या होत्या, हेही आम्ही पाहिलं आहे. मेहनत अफाट होती, ताटात तुकडा नव्हता. दोन्ही एकत्र मिळालं असतं तर त्यांची म्हातारपणं वेगळी गेली असती.

नमाजकडे आम्ही एकदा या नजरेने पाहिलं. दिवसाच्या १७ फर्ज रकातींमध्ये माणूस जमिनीवरून १२ वेळा सरळ उभा राहतो. पाच वेळच्या नमाजातून ही सवय आयुष्यभर टिकते. पण ती सुटली की बळ आणखी घटतं, आणि बळ घटलं की ती आणखी सुटते. खुर्चीची सवलत आजाऱ्यांसाठी आहेच, आणि अम्मींनी ती अपराधी मनाने घेऊ नये असं आम्ही त्यांना सांगत होतो. ताईंनी वेगळाच मार्ग काढला. नमाजच्या वेळेबाहेर, सरावासाठी, आधी खुर्चीवरून उठणं, मग चौरंगावरून, मग जाड गादीवरून, आणि शेवटी जमिनीवरून. दर दोन-तीन आठवड्यांनी बैठक थोडी खाली.

रमजान आला तेव्हा आधी डॉक्टरांकडे गेलो. साखर कमी करणारी एक गोळी चालू होती. औषधाने भूक कमी, त्यात उपवास, त्यावर ती गोळी, म्हणजे साखर एकदम खाली जायची भीती. त्यांनी गोळीचं प्रमाण कमी केलं. इन्सुलिन किंवा तशा गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने रोजे धरण्याआधी हे करावं. इंजेक्शन आणि रोजा यांचा मसला आम्ही आमच्या आलिमांना विचारला, तुम्ही तुमच्या आलिमांना विचारा. इफ्तारीत पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून भजी, समोसे, सरबताने ते भरून टाकलं तर रात्री काही जात नाही. खजूर, पाणी, आणि मग थेट हलीम. गहू, डाळ आणि मांस एकाच वाडग्यात. सहरीला अंडी आणि दही. अम्मींचे २२ रोजे झाले. बाकीचे अंगात त्राण नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडले.

रमजाननंतर कुवेतहून फोन आला. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. "अम्मी, डोस वाढवा. अजून दहा-बारा किलो उतरले तर हजला सोपं जाईल." त्याची माया खोटी नव्हती. पण तो अम्मींना पडद्यावर पाहत होता, आणि पडद्यावर चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. आम्ही त्याला वही वाचून दाखवली. तवाफच्या सात फेऱ्या, सफा-मरवाच्या सात फेऱ्या, नुसत्या सफा-मरवाचेच सुमारे ३ किलोमीटर, वर मिना, अरफात, बसच्या पायऱ्या, गर्दीचा धक्का. हे सगळं पायांनी करायचं असतं. आत्ताच चार घास जातात, डोस वाढला तर दोन जातील. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मींना काय वाटतं?" तोवर अम्मींना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "बारीक होऊन काय करायचं? खाली बसून उठता आलं पायजे."

ती वही घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली, खुर्चीचे सेकंद पाहिले आणि डोस आहे तिथेच ठेवला.

आज अम्मींचं वजन ७५ किलो आहे. पाच महिन्यांत ११ किलो, आणि पुढच्या सहा महिन्यांत फक्त २. बाजारात भेटणाऱ्यांना वाटतं, औषध लागू पडेनासं झालं. पाच उठ-बशांना आता १३ सेकंद लागतात. निकषापासून अजून सेकंदभर दूर. पोटरी ३१ वरून ३२ झाली. फजरच्या दोन रकाती जमिनीवर होतात, एक हात टेकून. इशाला, दिवसभर थकल्यावर, अजून खुर्चीच लागते. पुढच्या वर्षी नंबर लागेल का, लागला तर पाय साथ देतील का, हे अल्लाहला माहीत. व्यायामाचे तीन दिवस आमच्या हातात आहेत.

हे औषध घेण्याच्या विचारात असलेल्यांना काही गोष्टी सांगतो. जावयाने, भाच्याने आणलेलं किंवा मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शन घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध नाहीच. गरोदर असाल, मूल हवं असेल, घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असेल, स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल, तर आधी सांगा. पोटात असह्य दुखलं, उलट्या थांबेनात, तर वाट पाहू नका. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती जाते ते तुम्ही जाणताच. त्याची सोय आधी करा. लग्नासाठी चार किलो उतरवायला हे औषध नाही. आणि पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच तीन आकडे वहीत लिहा, वजन, पोटरीचं माप आणि पाच उठ-बशांचे सेकंद. पहिला आकडा उतरताना बाकीचे दोन बिघडले नाहीत, तर समजा काम नीट चाललं आहे.

ज्यांच्या घरात कुणीच हे औषध घेत नाही, त्यांनाही एक विनंती. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला शेवटी बसू देऊ नका. तिचं ताट आधी वाढा, आणि भाताच्या आधी त्यात तुकडा वाढा.